नाथांच्या घरचा गावबा

स्वमग्न मुलांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न कधी ना कधी येतोच. पहिल्या भेटीत तो कुणी विचारत नाही. तेव्हा हातात फाइल असते, डॉक्टरांचे कागद असतात आणि 'बोलायला कधी लागेल' हीच एक घाई असते. ओळख मुरली की मग एखाद्या दुपारी, लेकरू आत थेरपीला बसलेलं असताना, आई आवाज खाली आणून म्हणते, "मॅडम, आमच्याच वाट्याला हे का आलं? आम्ही कुणाचं काय वाईट केलं होतं?"

मी छत्रपती संभाजीनगरात विशेष शिक्षिका आहे. वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांची, बिडकीन आणि पैठणकडच्या शेतकऱ्यांची, शहरातल्या नोकरदारांची अशी सगळ्या थरांतली मुलं माझ्याकडे येतात. माझे वडील कीर्तनकार होते. संत एकनाथांच्या उत्सवात, नाथषष्ठीला, पैठणला त्यांची कीर्तनसेवा असायची आणि आम्ही भावंडं वाळवंटात राहुट्यांमधून फिरत मोठी झालो. त्यामुळे त्या आईला "असं काही नसतं हो, तुम्ही विचार करू नका" असं म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही. तिने प्रश्न धर्माच्या भाषेत विचारलेला असतो. त्याचं उत्तरही त्याच भाषेत शोधायला हवं, असं मला वाटतं.

माझ्यापर्यंत येण्याआधी तिला पुष्कळ उत्तरं मिळून चुकलेली असतात. मूल दीड-दोन वर्षांचं होतं, हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, पंख्याकडे किंवा गाडीच्या चाकाकडे तासन् तास बघत राहतं. मग घरात कुजबूज सुरू होते. कुणी म्हणतं, ग्रहणात बाहेर पडली असेल. कुणी पत्रिका बघतं आणि पितृदोष काढतं. मग त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून घ्यायचा ठरतो. कुणी देवऋषाकडे नेतं, अंगारा लावतं, उतारा टाकतं. यात पैसा जातो हे खरं, पण त्याहून महाग जातो तो काळ. दोन ते पाच वर्षं हा वयाचा टप्पा मदतीसाठी फार मोलाचा असतो आणि नेमका तोच टप्पा या फेऱ्यांत सरतो.

दुसरं उत्तर गोड शब्दांत येतं. "देव अशी मुलं खास आईवडिलांनाच देतो. तुमच्यात ती ताकद आहे म्हणून तुमच्या पोटी आलं." हे म्हणणाऱ्यांच्या मनात कणव असते, याबद्दल मला शंका नाही. तरीही या दोन्ही उत्तरांचा परिणाम मी इतक्या घरांत पाहिला आहे, की आता मला त्यांच्यात फरक करता येत नाही. पहिल्या उत्तराने भार आईच्या पापावर जातो, दुसऱ्याने तिच्या पुण्यावर जातो. दोन्ही वेळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावरच राहतो. पापाचं फळ असेल तर ते तिनेच भोगायचं आणि देवाने निवडलं असेल तर ते तिनेच निभवायचं. शेजारी, नातेवाईक, शाळा, देऊळ, सगळे मोकळे!

दोष देण्याची ही खोड केवळ पोथ्या वाचणाऱ्यांनाच लागलेली आहे, असं मात्र कुणी समजू नये. विज्ञानाच्या नावानेही हेच झालं. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि या अवस्थेची स्वतंत्र ओळख वैद्यकाला करून दिली. त्याच निबंधात त्याने या मुलांचे आईवडील फारसे मायाळू वाटत नाहीत, अशीही नोंद केली. पुढे त्या नोंदीचा सिद्धान्त झाला. आईची माया थंड, म्हणून मूल आत मिटून गेलं, असं मोठमोठे लोक सांगू लागले. ब्रुनो बेटेलहाइमचं १९६७ सालचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक याच विचाराचं, आणि ते खूप वाचलं गेलं. त्या काळात किती आयांनी स्वतःला आपल्या लेकराची वैरीण मानलं असेल! या सिद्धान्ताला भक्कम उत्तर दिलं ते बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ सालच्या आपल्या पुस्तकात. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. ही मेंदूच्या जडणघडणीची गोष्ट आहे, मायेच्या कमीजास्तीची नाही, हे त्याने मांडलं. मग १९९८ साली लसीवर बोट ठेवलं गेलं. 'लॅन्सेट'मध्ये आलेला तो निबंध २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला, तो लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला, पण "मी लस दिली म्हणून असं झालं का हो?" हे विचारणारी आई मला आजही भेटते.

आज जे माहीत आहे ते साधं आहे. मेंदूची वाढ जन्माआधीपासूनच वेगळ्या वळणाने होते. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघाला. काही मुलांत तर जनुकातला बदल अगदी नवा असतो, आईतही नाही आणि वडिलांतही नाही. हेही मी घरच्यांना सांगते, कारण 'अनुवंश' म्हटल्याबरोबर सासरचे सुनेकडे बघतात. औषधाने ही अवस्था जात नाही. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणारे आहेत. त्याला पुरेसा आधार नाही, असं आयसीएमआरने म्हटलेलं आहे. उताऱ्याला नाव ठेवणारं घरसुद्धा इथे फसतं. उपयोग होतो तो शिकवण्याचा, बोलण्याला चित्रांची जोड देण्याचा, ऑक्युपेशनल थेरपीचा, दिवसाची घडी बसवण्याचा आणि भोवतालच्या माणसांनी बदलण्याचा.

एवढं सांगून झालं, तरी आईचा प्रश्न उरतोच. जनुक बदललं, पण माझ्याच लेकराचं का? विज्ञान 'कसं' ते सांगतं, 'मीच का' याचं उत्तर त्याच्याकडे नाही. तिथे कर्मसिद्धान्त उभा असतो, आणि त्याच्याशी बोलावंच लागतं.

माझे वडील कर्मसिद्धान्त मानणारे होते. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखे वापरले जायचे. पण त्यांचा एक दंडक होता. संचिताचं बोलायचं ते स्वतःपुरतं. माझं शेत वाहून गेलं, तर 'माझं संचित' असं मी म्हणू शकतो. त्याने मनाला धीर येत असेल तर जरूर म्हणावं. शेजाऱ्याचं शेत वाहून गेलं, तर 'त्याचं संचित' असं म्हणायचा अधिकार मला नाही. तिथे माझ्याकडे उरतं फक्त क्रियमाण, म्हणजे आत्ता माझ्या हाताला असलेलं काम. कर्माची गती गहन आहे, असं गीतेने चौथ्या अध्यायात सांगितलेलं आहे. जे साक्षात भगवंताने गहन म्हटलं, ते गल्लीतल्या माणसाला दुसऱ्याच्या लेकराकडे बघून एका मिनिटात कसं काय कळतं, असं वडील विचारायचे.

माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, पाली वाङ्मयाचे वाचक. नातीला घेऊन तेच यायचे. त्यांनी मला संयुत्तनिकायातल्या मोळियसीवक सुत्ताची ओळख करून दिली. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणं ते एकेक करून मोजतात, आणि कर्माचा विपाक हे त्यांतलं एक, आठवं कारण म्हणून सांगतात. सगळं एकाच कारणावर ढकलणारे आपल्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाला जे ठाऊक आहे त्याच्याही, असा त्यांचा रोख आहे. ते आजोबा सुनेला म्हणायचे, "तू दोषी नाहीस, हे तुला अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय."

जालन्याहून येणारी एक ख्रिस्ती आई आहे. तिला योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय जवळजवळ पाठ आहे. जन्मांध माणसाला बघून शिष्य येशूला विचारतात, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? माझ्या दारात येणारा प्रश्न आणि हा प्रश्न यांत एका अक्षराचाही फरक नाही. येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. लगेच पुढे तो दिवस आहे तोवर काम करायला हवं, असं सांगतो. तीन वेगळ्या घरांतून आलेल्या या गोष्टी एकाच ठिकाणी पोहोचतात: कारणाचा शोध थांबवा आणि समोरच्या माणसाकडे या.

समोरच्या माणसाकडे यायचं म्हणजे काय, हा मात्र पुढचा आणि अवघड भाग आहे.

भागवतातली जडभरताची कथा माझ्या वडिलांच्या आवडीची होती. भरत राजा हरणाच्या पाडसात जीव गुंतवून बसला, म्हणून हरणाच्या जन्माला गेला. त्यानंतर ब्राह्मणाच्या घरी जन्मला तेव्हा मुद्दाम जडासारखा राहिला. भाऊ त्याला वेडा समजत, निकस खायला घालत, शेत राखायला बसवत. सौवीरचा राजा रहूगण पालखीतून निघाला होता, भोई कमी पडला म्हणून यालाच धरून जुंपलं. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून हा पाऊल जपून टाकी, पालखी हेलकावे खाई. राजा खवळला. तेव्हा आयुष्यभर गप्प राहिलेला तो माणूस बोलला, आणि असं बोलला, की राजा पालखीतून उतरून त्याच्या पाया पडला.

कथा थोर आहे. पण ही कथा ऐकून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनात काय राहतं? 'बघा, मुका वाटत होता, आत केवढं ज्ञान होतं!' आजच्या वर्तमानपत्रांतही हेच दिसतं. स्वमग्न मुलाची बातमी येते ती त्याने पन्नास वर्षांचं कॅलेंडर तोंडपाठ सांगितलं तेव्हा, किंवा गाण्यात बक्षीस मिळवलं तेव्हा. असं कौशल्य असलेली मुलं असतात, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण माझ्या वर्गात एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. तो बोलत नाही. त्याला कॅलेंडर कळत नाही. अजून शर्टाची बटणं लावताना त्याला मदत लागते. त्याच्या आत कुणी रहूगणाला उपदेश करणारा दडलेला नाही. त्याला झोका आवडतो, गरम वरणभात आवडतो, पाठीवर घट्ट हात ठेवलेला आवडतो. तो जसा आहे तसाच आहे. पालखीतून उतरायचं ते त्याने बोलून दाखवल्यावरच, अशी अट घातली, तर या मुलाला कधीच कुणी उतरून भेटणार नाही.

समदृष्टीचा खरा कस इथे लागतो. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेने बघतो, असं गीता पाचव्या अध्यायात सांगते. तिथे कुत्र्याला आधी काही करून दाखवायला सांगितलेलं नाही. आत्मा सर्वांत सारखाच, असं आपण रोज म्हणतो. मग जो मुलगा बोलत नाही, मिळवत नाही, म्हातारपणी आईबापांना सांभाळणार नाही, त्याच्यात तो आहेच ना? 'आहे' असं उत्तर असेल, तर त्याची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही. आणि उपयोगावर ठरत असेल, तर आपलं अध्यात्म बाजाराहून वेगळं राहिलं नाही.

म्हणून जडभरतापेक्षा मला गावबा जवळचा वाटतो. पैठणला त्याची गोष्ट घरोघर सांगतात. गावबा हा गावातल्या एका गरीब बाईचा मुलगा. त्याला काही शिकवलेलं यायचं नाही. खायला मात्र पुरणपोळीच लागायची, दुसरं काही चालायचं नाही. आई बिचारी रोज पुरणपोळी आणणार कुठून? शेवटी मुलगा नाथांच्या वाड्यावर आला. नाथांनी विचारलं, काय पाहिजे? तो म्हणाला, पुरणपोळी. नाथांनी त्याला ठेवून घेतलं, आणि त्यांच्या पत्नी गिरिजाबाई त्याला रोज पुरणपोळी करून घालू लागल्या. त्याला मंत्र द्यायचं ठरलं, तर दुसरं कुठलंही नाव त्याच्या तोंडून निघेना. तो 'एकनाथ' एवढंच म्हणायचा. नाथांनी तेही चालवून घेतलं.

चारशे वर्षांपूर्वीच्या माणसावर आजच्या दवाखान्याचा शिक्का मारण्यात काही अर्थ नाही आणि मी तो मारत नाही. पण ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला आपल्या घरची वाटते. एकच पदार्थ खाणारं लेकरू तिच्या घरात असतं. कुणाचं फक्त दहीभातावर चालतं, कुणाला एकाच कंपनीचं बिस्कीट लागतं, पुडा बदलला तरी ते तोंड फिरवतं. एकच शब्द धरून बसणारं लेकरूही असतं. नातेवाईक म्हणतात, "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल." खात नाही, मॅडम, ते आजारी पडतं, असं आई सांगते, आणि ती बरोबर असते. नाथांच्या घराने या मुलाला उपाशी ठेवून सुधारलं नाही. जे चालतं तिथून सुरुवात केली. आम्ही थेरपीत हेच करतो: दहीभातापासून निघायचं आणि दहा पावलांनी कढीभातापर्यंत जायचं, तेही त्याच्या गतीने.

गोष्टीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं आणि नाथांनी देह ठेवला. पुढचं रामायण गावब्याने पूर्ण केलं, असं परंपरा मानते. पण त्या शेवटावर माझं बोट नाही. गावबा रामायण लिहील म्हणून गिरिजाबाईंनी पहिल्या दिवशी पुरण शिजवलं नव्हतं. लेकरू भुकेलं होतं आणि त्याला पुरणपोळीच चालत होती, एवढं कारण त्यांना पुरलं. गावब्याच्या हातून एक ओवीही लिहून झाली नसती, तरी त्या घरात त्याचं पान मांडलं गेलंच असतं.

नाथांचीच दुसरी गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. भर उन्हात गोदावरीच्या वाळवंटात एका अस्पृश्य बाईचं लहान मूल रडत उभं होतं, वाळूने पाय भाजत होते. नाथांनी त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी नेऊन सोडलं. ही गोष्ट सोवळं मोडल्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते मूल त्या जातीत जन्मलं हे त्याचं पूर्वकर्मच होतं. शास्त्री लोकांकडे त्याच्या दुःखाचं कारण तयार होतं. तयार कारण हाताशी असताना नाथांनी ते वापरलं नाही. त्यांनी मूल उचललं. पूर्वकर्माची भाषा दुसऱ्याच्या लेकराला लावली की ती वाळू आणखी तापवते, हे ज्यांच्या पिढ्यांनी भोगलं ते आपल्याला सांगत आलेच आहेत.

आता कुणी म्हणेल, की ज्या आईला 'देवाने मला निवडलं' या विचाराने बळ येतं, तिचं ते बळ का काढून घेता? मी ते काढून घेत नाही. माझ्याकडे अशा आया आहेत. पहाटे उठून देवापुढे दिवा लावून त्या दिवसाला भिडतात, आणि त्यांची श्रद्धा त्यांना तारते. प्रत्येकीची ती स्वतःची श्रद्धा आहे, ती तिने स्वतःसाठी म्हणायची. वडिलांचा दंडक इथेही तसाच लागू आहे. तिने म्हटलं तर ती भक्ती. शेजारणीने तेच वाक्य तिला ऐकवलं आणि दार लावून घेतलं, तर ती जबाबदारीतून सुटका.

मग शेजारणीने काय करायचं? पैठणला मी जे पाहिलं ते सांगते. गावातल्या नाथ मंदिरात, म्हणजे नाथांच्या वाड्यात, तो रांजण आहे. श्रीखंड्या नावाच्या सेवकाच्या रूपाने भगवंताने ज्यात पाणी भरलं, असं मानतात, तो. तुकाराम बीजेपासून षष्ठीच्या उत्सवासाठी तो रांजण भरायला सुरुवात होते, लोक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात. माझ्या वर्गातला सात वर्षांचा एक मुलगा पैठणजवळच्या खेड्यातला. गर्दी, झांजा, लाउडस्पीकर यांनी त्याचा जीव कासावीस होतो. कानांवर हात घट्ट दाबून तो जमिनीवर लोळण घेतो आणि लोकांना वाटतं, आईने लाडावून ठेवलाय. पाणी मात्र त्याला प्रिय. नळाची धार बोटांतून जाऊ देत तो कितीही वेळ शांत उभा राहतो. त्याच्या आजीने युक्ती काढली. भर गर्दीची वेळ टाळून ती त्याला दुपारी घेऊन गेली, कानांवर आवाज अडवणारा हेडफोन लावून. वाड्यातल्या एका म्हाताऱ्या सेवेकऱ्याने मुलाकडे पाहिलं, आजीला काही विचारलं नाही आणि मुलाच्या हातात एक लहान तांब्या दिला. मुलाने पाणी ओतलं. धार आत पडताना कशी वळते ते वाकून पाहिलं. पुन्हा तांब्या पुढे केला, पुन्हा ओतलं. मागे आठ-दहा माणसं उभी होती. सेवेकरी त्यांना म्हणाला, "जरा थांबा माउली, सेवा चाललीय." आणि माणसं थांबली.

मुलगा त्या दिवशी बोलला नाही. घरी गेल्यावर रात्री नेहमीसारखाच जागला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण त्याच्या आजीला पहिल्यांदाच कुणी 'याला घरी ठेवून यायचं ना' असं म्हटलं नाही. एक लहान तांब्या, थोडी कमी गर्दीची वेळ आणि रांगेतल्या माणसांचं थांबणं, एवढ्यात ते झालं.

देवळांना हे सहज जमेल. आठवड्यातून एक तास लाउडस्पीकर बंद ठेवायचा आणि त्या वेळी अशा कुटुंबांना या म्हणायचं. गणपती मंडळाला जमेल: एक आरती ताशाशिवाय, नुसत्या टाळ्यांवर. लग्नघराला जमेल: एक शांत खोली मोकळी ठेवायची आणि त्या आईला सांगायचं, "तू निवांत जेव, मी बसते त्याच्याजवळ." आमच्याकडच्या कित्येक आयांनी वर्षानुवर्षं पंगतीत बसून पूर्ण जेवण केलेलं नाही. एक घास घेतला की लेकरामागे धावायचं असतं. ज्या मुलाला रात्री झोप नाही, त्याच्या आईलाही झोप नसते. वडील रात्रपाळी करून आलेले असतात. धाकट्या बहिणीच्या शाळेत पालकसभेला कुणीच पोहोचत नाही आणि ती बहीण आठव्या वर्षीच पोक्त होते. कुटुंबाला मदत म्हणजे या बहिणीला एखादा रविवार कुणी बागेत नेणं, आईला दोन तास झोपू देणं, वडिलांना दवाखान्याच्या दिवशी पाळी बदलून देणं. मुलाशी आडून न बोलता थेट बोलणं हीही मदतच. तो बघत नाही याचा अर्थ ऐकत नाही असा नसतो.

आणि सगळ्यांच्या तळाशी एक प्रश्न असतो, 'वाट्याला का आलं' याहून खोल: "आमच्या माघारी याचं कोण?" पन्नाशीला आलेले बाप हा प्रश्न विचारताना माझ्याकडे बघत नाहीत. 'देव आहे' हे उत्तर त्यांना हजारदा मिळालेलं असतं, आणि देव आहे हे त्यांना मान्यही असतं. पण देव सही करत नाही. सही माणसाला करावी लागते. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्यात स्वमग्न व्यक्तींचा स्पष्ट समावेश आहे. अठरा वर्षांनंतर ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. याच न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण देते, त्यात थेरपीचाही खर्च येतो. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत ती आली, म्हणून आता प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळतं. हे कागद करायला खेटे घालावे लागतात, एसटीने यावं लागतं, रोज बुडतो. काका, मामा, चुलतभाऊ, शेजारचा निवृत्त कारकून, यांतल्या कुणी ती फाइल हातात घेतली, तर त्या बापाच्या दृष्टीने ती काशीयात्रेहून मोठी सेवा आहे. आणि एखाद्या चुलतभावाने 'तुमच्यानंतर मी आहे' असं कागदावर लिहून दिलं, तर 'देव आहे' या वाक्याला त्या घरात खरा अर्थ येतो.

तेव्हा वडिलांचाच दंडक मी पुढे चालवते. स्वतःच्या दुःखाला जे नाव द्यायचं ते द्या. प्रारब्ध म्हणा, प्रसाद म्हणा, काहीच नका म्हणू. दुसऱ्याच्या लेकरासाठी धर्माने आपल्याकडे एकच गोष्ट ठेवलेली आहे, ती म्हणजे आपलं क्रियमाण. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात, तुमच्या देवळाच्या रांगेत असं लेकरू आहेच. त्याच्या आईला कारण सांगू नका, उपायही सांगू नका. "मी काय करू?" एवढं विचारा, आणि ती सांगेल ते करा.